बोल्ट तुटला तर काय जाईल, ते आधी बघा

परभणीच्या एका भावाचा प्रश्न आहे. अलिबागकडची २०१२ ची स्विफ्ट सेकंडहँड घेतली, पुढचे शॉकअप गळत होते म्हणून घरीच बदलायला काढले. डावी बाजू झाली. उजवीकडे शॉकअप नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागाला) जिथं बसतो तिथल्या दोन बोल्टांपैकी वरचा सुटला, खालचा जागचा हलत नाही. दोन दिवस स्प्रे मारून झाला, डोक्याचे कोपरे गोल व्हायला लागलेत. मेव्हणे म्हणतात पान्याला चार फुटी पाइप घालू, शेजारचा वेल्डिंगवाला म्हणतो गॅसनं लाल करू. काय करावं?

भाऊ, दोन्ही करू नका. जालन्यात माझं सत्तावीस वर्षांपासून गॅरेज आहे. पाइप आणि गॅस दोन्ही मी वापरतो, पण तुमच्या या बोल्टावर वापरणार नाही. का ते सविस्तर सांगतो. त्याआधी एक काम करा. गाडी दोन दिवस नुसत्या जॅकवर उभी असेल तर पुढचं वाचायच्या आधी तिच्याखाली स्टँड लावा. स्टँड नसेल तर जवळच्या गॅरेजातून मागून आणा, आणि काढलेलं चाक आडवं करून बॉडीच्या खाली सरकवून ठेवा. विटा रचू नका, वीट वजनाखाली एकदम फुटते. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. जाम बोल्ट सुटतो तो झटक्यात सुटतो, आणि त्या झटक्यानं जॅकवरची गाडी सरकते.

आता मुद्द्याचं. माझ्यासमोर जाम बोल्ट आला की पाना उचलण्याआधी मी एवढंच बघतो: हा तुटला तर काय जाईल? सगळे जाम बोल्ट दिसायला सारखेच गंजलेले, पण तुटल्यावर त्यांचा खर्च फार वेगवेगळा असतो.

काही बोल्ट आरपार असतात. एका बाजूला डोकं, दुसऱ्या बाजूला नट. असा बोल्ट तुटला तर नवा बोल्ट-नट घ्यायचा, विषय संपला. दुसरे बोल्ट चेसिसच्या पेटीत आतून वेल्ड केलेल्या नटात जातात. लोअर आर्मचे (चाकाला खालून चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचे) बोल्ट बऱ्याच छोट्या गाड्यांत असे असतात. तिथं जास्त जोर केला तर आतल्या नटाचं वेल्डिंग सुटतं, नट पेटीत गरगर फिरायला लागतो आणि तुम्हाला तो धरताही येत नाही. मग पत्रा कापून खिडकी पाडावी लागते. तिसरे सगळ्यात नाजूक: इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये किंवा हाउसिंगमध्ये बसलेले लोखंडी स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) आणि बारीक बोल्ट. तिथं तुटला तर दुखणं बोल्टाचं राहत नाही, इंजिनाचं होतं.

तुमचा बोल्ट पहिल्या जातीचा आहे. म्हणजे तुम्ही दोन दिवस ज्याला भिऊन आहात तो सगळ्यात कमी भीतीचा बोल्ट आहे. त्यातही जो शॉकअप त्यानं धरलाय तो तुम्ही भंगारातच टाकणार आहात. वाचवायची वस्तू एकच, मधला नकल. हे एकदा ध्यानात आलं की हात मोकळा होतो.

पण तुमच्या लिहिण्यातली एक गोष्ट मला खटकली. "डोक्याचे कोपरे" गोल होताहेत म्हणता. म्हणजे तुम्ही डोकं फिरवताय का? या जागी डोक्याला फक्त धरायचं आणि फिरवायचा तो नट. अनेक गाड्यांत अशा बोल्टाच्या मानेवर उभे दाते असतात, ते ब्रॅकेटच्या भोकात रुतून बसतात, बोल्ट फिरू नये म्हणूनच कंपनीनं दिलेले. त्याला डोक्याकडून फिरवायचं म्हणजे ते दाते कापत जायचं. तुम्ही खरंच डोकं फिरवत असाल तर तुमचा नट अजून साबूत असेल, आणि अर्धं काम तिथंच सोपं झालं. ज्या वरच्या बोल्टाला काढलंत त्याची मान बघा, दाते असतील तर दिसतील.

बोल्ट जाम का होतो, हेही थोडं समजून घ्या, उपाय त्यावरच ठरतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये मुळातच केसाएवढी फट असते. तिथं गंज फुगला की तो पाचर ठोकल्यासारखा बसतो. तुमच्या बोल्टात हे दोन ठिकाणी झालंय. एक नटाच्या आट्यांत, दुसरं नकलच्या भोकात, जिथं बोल्टाचा साधा दांडा बसतो. त्यामुळं नट निघाला तरी बोल्ट लगेच हाती येणार नाही, तो ठोकूनच काढावा लागेल. हे आधीच मनात धरा, म्हणजे मध्येच हिरमुसायला होणार नाही.

किनाऱ्याकडची गाडी म्हणून तिचा गंज जास्त, हे खरं. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं. मुंबई-कोकणातून आपल्याकडे अशा गाड्या येतात. वरून पेंट चकचकीत, आणि खाली गेलं की कळतं. पण आपली हवा कोरडी म्हणून आपल्याकडच्या गाड्या सुटल्या असंही नाही. चाकाच्या कमानीत बसलेली काळी माती वरून वाळते, आत पोळा होऊन दिवाळी आली तरी ओलीच असते. बोअरच्या पाण्यानं गाडी धुतली की क्षार मागे राहतो. आणि शेतकरी माणूस डिकीतून खताच्या गोण्या नेतो. पोटॅश म्हणून जे मिळतं ते बहुतेक पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच घरचं. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत पाण्यात उभ्या राहिलेल्या काही गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांचे बोल्ट कोकणातल्या गाड्यांपेक्षा वेगळे नव्हते.

आता कामाला लागू. स्प्रे दोन दिवस मारला म्हणता, पण गंजावर बाहेरून मारलेला स्प्रे बाहेरच राहतो. आधी तारेच्या ब्रशनं नटाबाहेर दिसणारे आटे घासून लोखंड उघडं करा. नट बाहेर येताना याच आट्यांवरून येणार आहे. तिथं माती आणि गंज असेल तर सुटलेला नटही वाटेत परत अडकतो. मग तेल द्या. डब्ल्यूडी-४० चा जन्म १९५३ चा, आणि त्याचं मूळ काम पाणी हटवणं. नावातले 'डब्ल्यूडी' त्याच अर्थाचे आहेत. ते वाईट नाही, पण पातळ असतं आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर उडून जातं. जाम बोल्टांसाठी म्हणून वेगळं पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, ते मिळालं तर उत्तम. नाहीतर माझ्या उस्तादांच्या काळापासून चालत आलेलं डिझेल आहेच. ते ब्रेकच्या डिस्कवर, पॅडवर आणि रबरी बूटवर उडू देऊ नका, खाली फडकं धरा.

तेल दिल्यावर नटाला हातोडीनं टिपा. दोन हातोड्या घ्या, एक जड हातोडी नटाच्या एका अंगाला टेकवून धरा आणि समोरच्या अंगावर दुसरीनं ठोका. सगळ्या बाजूंनी ठोकायला नाही जमणार, जेवढ्या बाजू सापडतील तेवढ्यांवर ठोका. बोल्टाच्या आट्यांकडच्या टोकावर मात्र घाव घालू नका, ते फुलतं आणि नट बाहेर येत नाही. या ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यांतून आत शिरतं. संध्याकाळी करा, रात्रभर सोडा, सकाळी परत तेल, परत ठोके. मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो की गाडी आज मिळणार नाही. ज्या बोल्टाला मी एक रात्र दिली तो सकाळी निम्म्या जोरात सुटल्याचं मी इतक्यांदा बघितलंय की आता घाई करणाऱ्यालाच परत पाठवतो.

पाना कोणता? सहा कोनी गोटी (सॉकेट) किंवा बंद रिंग पाना. बारा दात्यांची गोटी नव्या बोल्टाला चालते, कोपरे झिजलेल्या नटावर ती घसरतेच. आणि माप नक्की बघा. १७ च्या नटावर १८ ची गोटी बसते आणि बसली असं वाटतं. हीच गोटी कोपरे खाते. गंजानं नट बारीक झाला असेल तर उलट एक माप लहान गोटी हातोडीनं ठोकून बसवावी लागते.

फिरवताना आधी आवळायच्या दिशेला किंचित जोर द्या, मग सोडायच्या. गंजाची पकड कुठल्याही दिशेला मोडली तरी मोडली. पान्यावर सावकाश लोंबकळण्यापेक्षा पाना ताणून धरून त्याच्या टोकावर हातोडीचे आखूड, तिखट घाव घाला. हवेची किंवा बॅटरीची इम्पॅक्ट गनही हेच करते, म्हणून ती पाइपपेक्षा बरी. मिळाली तर तीच आणा, पण तिच्यावर काळी इम्पॅक्टची गोटी लावा, चकचकीत गोटी तडकते. गोटी लावताना डोळ्यावर चष्मा हवाच.

एवढ्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट घडते, आणि ती डोळ्याला दिसत नाही, हाताला कळते. माझे उस्ताद आम्हा पोरांना पाना धरायला लावायचे आणि विचारायचे, "क्या बोल रहा है?" गंज मोडतो तेव्हा 'कट्' असा कोरडा आवाज येतो, पाना एकदम हलतो आणि पुढं किर्र करत सुटायला लागतो. हे चांगलं. पण कधी कधी पाना फिरतो, आवाज येत नाही, जोर वाढतही नाही आणि कमीही होत नाही, रबर पिळल्यासारखं मऊ लागतं. त्या क्षणी थांबा. तिथं आटे सुटत नाहीयेत, लोखंड पिळतंय. अजून पाव फेरा, आणि बोल्ट हातात. खात्री करायला उस्तादांचीच युक्ती: सुरू करण्याआधी नटावर आणि नटाबाहेर आलेल्या बोल्टाच्या टोकावर खडूची एक सरळ रेघ मारा. नटाची रेघ सरकली आणि टोकाची जागेवर राहिली तर नट सुटतोय. दोन्ही बरोबर सरकल्या आणि तिकडं डोकं मात्र पान्यात पक्कं धरलेलं असेल तर बोल्ट पिळतोय. लोअर आर्मच्या बोल्टात आणखी एक फसवी गोष्ट असते: बोल्ट बुशच्या (रबरी जोडाच्या) आतल्या नळीला गंजून चिकटतो, पाना फिरतो आणि सोडला की रबरामुळं परत मागे येतो. तिथं कितीही जोर लावला तरी फक्त रबर पिळलं जातं.

मऊ लागल्यावर काय करायचं? मागे फिरायचं. थोडं आवळायचं, तेल द्यायचं, पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं. कंटाळवाणं काम आहे, पण ते याच गतीनं होतं.

आता तुमच्या मेव्हण्यांच्या पाइपाचा हिशेब करू. ६० किलोचा माणूस चार फुटी, म्हणजे १.२ मीटर पाइपच्या टोकाला लटकला की नटावर ७०० न्यूटन मीटरच्या आसपास पीळ पडतो. १२ मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा ग्रेड) लिहिलेला बोल्ट नवा असताना साधारण ८० न्यूटन मीटरला आवळतात. गंज पकडून बसलेल्या बोल्टाला त्याहून बराच जास्त जोर लागतो, मान्य, पण ७०० म्हणजे बोल्ट तुटणार किंवा कोपरे जाणार. शिवाय एवढ्या लांब पाइपाच्या टोकावर हाताला काहीच कळत नाही. मऊ लागलं की कडक, हे कळेपर्यंत माणूस पाइपसकट जमिनीवर असतो, आणि अर्धी गाडी हवेत. दीड-दोन फुटांचा पाइप मी वापरतो, त्याच्यापुढं नाही.

गॅसचं उत्तर वेगळं आहे. गरम करणं हा जाम नटावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, यात शंका नाही. १२ मिलिमीटरच्या नटाचं तापमान बोल्टापेक्षा ४०० अंशांनी वाढवलं तर त्याचं भोक सुमारे ०.०६ मिलिमीटरनं मोठं होतं, आणि गंजाची पाचर ढिली व्हायला तेवढं पुरतं. म्हणून तापवायचा तो नट, बोल्ट नाही. नट तापवून निवत असताना त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं; सायलेन्सरच्या नटांवर हा प्रयोग मी अनेकदा करतो. पण तुमच्या जागी तीन अडचणी आहेत. शॉकअप म्हणजे बंद नळी आहे, आत तेल आणि बऱ्याचदा दाबाखालचा गॅस. तो तापला तर फुटू शकतो, आणि तुमचं तोंड तिथून हातभर अंतरावर असतं. शेजारून ब्रेकचा रबरी होज जातो, एबीएस असेल तर त्याची वायर जाते. आणि दोन दिवस तुम्ही तिथं स्प्रे, कदाचित ब्रेक क्लीनरही मारलाय. क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर आचेवर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार करतो. गाडीला सीएनजी किट असेल तर बोलायलाच नको.

मग शेवटचा मार्ग कोणता? कापणे. दोन रात्री दिल्या, आखूड घाव घातले, तरी नट ढळला नाही, किंवा त्याचे कोपरे पूर्ण गेले, तर ग्राइंडर घ्या आणि पातळ कटिंग व्हीलनं नट एका अंगावर, बोल्टाच्या दिशेनं उभा चिरा. आट्यांपर्यंत पोचायची गरज नाही, थोडं राखून थांबा आणि त्या चिरेत छिन्नी ठेवून एक घाव घाला. नट उघडतो. शॉकअपच्या ब्रॅकेटला चाकाची धार लागली तरी बिघडत नाही, तो जाणारच आहे. नकलला मात्र लागू देऊ नका. ठिणग्या कुठं जाणार ते आधी बघा. ब्रेकच्या होजवर ओलं फडकं, काचेवर गोणपाट, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर काम बंद. मग बोल्ट मागून पितळी किंवा लोखंडी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) लावून ठोकून काढा. घाव सरळ बसला पाहिजे. नाही निघाला तर परत तेल, परत रात्र.

कापायला मी का घाबरत नाही, ते एका कामानं शिकवलं. गॅरेज नवीन होतं तेव्हाची गोष्ट. थर्मोस्टॅटच्या ॲल्युमिनियम हाउसिंगचा ६ मिलिमीटरचा बोल्ट होता, वरून अगदी साधा. हाताला मऊ लागलं, मला कळलंही, तरी संध्याकाळी गाडी द्यायचा शब्द दिला होता म्हणून मी ओढला. तुटला. मग उरलेल्या तुकड्यात भोक पाडून एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट बाहेर काढायचा उलट्या आट्यांचा स्क्रू) घातला आणि घाईत तोही आत मोडला. एक्स्ट्रॅक्टर इतका कडक असतो की साधं ड्रिल त्याला खात नाही. हेड खोलून साठ किलोमीटरवर संभाजीनगरच्या एमआयडीसीत स्पार्क इरोजनवर (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या मशीनवर) नेलं, तेव्हा तो निघाला. अर्ध्या तासाच्या कामाला पाच दिवस गेले आणि पैसे माझे गेले. त्या गिऱ्हाइकाला मी दिलेला शब्द तर गेलाच. त्यानंतर ॲल्युमिनियममधल्या बोल्टाला मी कधी घाई केली नाही, आणि तो तुटलाच तर एक्स्ट्रॅक्टरच्या आधी वेल्डिंगवाल्याला बोलावतो. तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केला की ती आच आणि पकडायला मिळालेलं डोकं, दोन्ही एकदम काम करतात. हे करताना बॅटरीची मायनस वायर काढायची आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) जायची भीती असते.

हे सगळं वाचून जमणार नाही असं वाटलं तर त्यात कमीपणा नाही. वरचा बोल्ट परत घालून नीट आवळा, ब्रेक होज आणि वायरची क्लिप जागेवर लावा, चाक बसवा. खालचा तर अजून पक्काच आहे, म्हणजे गाडी पहिल्यासारखी झाली. सावकाश चालवत इम्पॅक्ट गन असलेल्या गॅरेजात न्या.

नवा बोल्ट बसवताना जुन्या ग्रेडचाच घ्या. डोक्यावर १०.९ असेल तर ८.८ चालणार नाही, आणि ग्रेडच न लिहिलेला हार्डवेअरच्या दुकानातला तर नाहीच. नटही नवा. नकलचं भोक गोल कानशीनं नाही, पॉलिश पेपरनं साफ करा. भोक मोठं झालं तर चाकाचा कॅम्बर (आत-बाहेरचा कल) धरत नाही. दांड्याच्या साध्या भागाला ग्रीसचा पातळ हात द्या, पुढच्या वेळी सोपं जाईल. आट्यांना मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर काही लावू नका, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्क पाना वापरा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. दोन्ही बाजू झाल्या की व्हील अलाइनमेंट करून घ्या, हे बोल्ट हलले की कॅम्बर हलतो.

कापलेला किंवा ठोकून काढलेला बोल्ट लगेच फेकू नका. तो आणि वरचा निघालेला बोल्ट, दोन्ही खिशात घालून स्पेअरच्या दुकानात न्या. लांबी, मानेवरचे दाते आणि आट्यांचं माप समोरासमोर लावून बघा, मगच पैसे द्या.